आरशाची उंची

५ जानेवारी

चि. ठमे,

आशीर्वाद. इथे सगळं ठीक. गुडघा दुखतो, खोकला संध्याकाळ झाली की पाहुण्यासारखा येऊन बसतो. तुझी आई बरी आहे. तिच्या भुवईला टाके पडले, कपाटाचं दार उघडं राहिलं होतं म्हणे. फोनवर मला नीट ऐकू येत नाही आणि तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहितो. अक्षराला हसू नकोस. सातवीनंतर मी फक्त बस डेपोतले कागद भरले.

तू माझी खोली नव्याने सजवून गेलीस ती छान झाली. समोरचे रिटायर्ड पोस्टमन रोज येऊन बसतात. मी त्यांना तुझंच ज्ञान माझं म्हणून ऐकवतो. नजर आधी उजेडाकडे जाते, मग मोठ्या वस्तूकडे. खोलीत एकच गोष्ट बोलकी ठेवायची, बाकीच्यांनी गप्प बसायचं. भिंत फिकी असली की छत वर गेल्यासारखं वाटतं. आणि माणसाच्या पाठीशी भिंत हवी, नाहीतर मागून कोणी येईल म्हणून त्याचा जीव आतल्या आत घाबरा राहतो. हे शेवटचं मला पटलं. कॉट खिडकीखालून काढून दाराशेजारच्या कोपऱ्यात लावलीस, तेव्हापासून पाठ निवांत आहे.

पण समोरच्या भिंतीवरचा तो आरसा काढ.

सकाळी डोळे उघडले की समोर एक म्हातारा. मला वाटतं माझे वडीलच आलेत, आता काहीतरी विचारणार. शिवाय तो लावलाय किती खाली! उभं राहिलं तर त्यात माझं पोट दिसतं, तोंड नाही. आरसा तोंडासमोर असतो हे मलासुद्धा कळतं. तू माझ्या कॉटवर बसून सुताराला “खाली घ्या, अजून खाली, जरा डावीकडे” करत होतीस, तेव्हाच मी म्हणणार होतो, पण तुझ्यापुढे बोलायची सोय आहे का? खोली मोठी दिसते म्हणतेस. मला मोठी खोली नको. होती तेवढी बरी होती.

तुझ्या येण्याची वाट पाहतो. येताना स्क्रूड्रायव्हर आण.

आजोबा

२१ जानेवारी

चि. ठमे,

आशीर्वाद आहेतच, पण तुझं पत्र वाचून राग आला. आजोबाला कोणी दोन ओळी लिहितं का? “आरसा तिथेच राहील. त्यात काय दिसतं ते आधी लिहा.” हे काय हुकूम सोडणं झालं?

मी आरशावर चादर टाकली होती. तुझ्या आईने ती धुवायला नेली. दुसरी टाकली, तीही नेली. मग मी तीच धुतलेली चादर पुन्हा टाकली, तर तीही धुवायला गेली.

बरं, लिहितो. स्वयंपाकघर दिसतं. कॉटवर टेकून बसलं की दार, दारातून पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला गॅसचा ओटा. उभ्या माणसाला यातलं काही दिसत नाही. पोस्टमन खुर्चीवर बसतात, त्यांना पंखा दिसतो. फक्त मला दिसतं.

पूर्वी फक्त ऐकू यायचं. भांडं पडायचं, स्टूल सरकायचं. भांडी पडतातच, आणि माझे कान हे असे. मी रेडिओ मोठा करायचो. आता रेडिओ मोठा केला तरी दिसायचं थांबत नाही.

परवा शर्टाची इस्त्री मनासारखी नव्हती. तुझ्या बाबांनी तिचे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. मग तसंच दाबून धरलं, कणीक दाबतात तसं, आणि दुसऱ्या हाताने गॅस पेटवला. नुसता पेटवला. तिचा गाल आणि ती ज्योत यांच्यात वीतभर जागा होती. तो तिच्याशी हळू आवाजात बोलत होता. ओरडत असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

त्या वेळी मी काय विचार करत होतो ते सांगायची लाज वाटते. तो डाव्या हाताने दाबत होता. मी स्वतःला म्हटलं, माझा मुलगा डावखुरा नाही, हा कोणीतरी दुसरा आहे. ठमे, मी आयुष्यभर आरशात बघून बस मागे घेतली. आरशात डावं-उजवं फिरतं हे मला कोणी शिकवायला नको. तरी मी तेवढा वेळ त्या विचारावर विश्वास ठेवला.

मग तुझ्या आईने डोळे वर केले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. आरशातून. जो मला दिसतो त्याला मीही दिसतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. बसच्या मागे आम्हीच लिहायचो, तुम्हाला माझा आरसा दिसत नसेल तर तुम्ही मला दिसत नाही.

मी डोळे मिटले. झोपल्यासारखं केलं.

बसमध्ये मागच्या बाकावर मारामारी झाली तर ड्रायव्हरने समोर बघायचं, मागचं कंडक्टर बघून घेतो. घरात कंडक्टर नाही गं.

ये आणि काढ तो आरसा. किंवा तिला घेऊन जा. दोन्हीतलं काहीतरी लवकर कर.

आजोबा

९ फेब्रुवारी

ठमे,

आज आशीर्वाद शेवटी देईन.

तुला फोनवर कळलं ते असं की आजोबांनी टॉमीने तुझ्या बाबांचा हात मोडला. सगळ्यांना तेच सांगितलंय आणि तेच राहू दे. पण तू तिची मुलगी आहेस, तुला खरं माहीत असलं पाहिजे. वाचून झालं की हे पत्र जाळ.

टॉमी म्हणजे चाकाचे नट सोडवायची लोखंडी दांडी. नोकरीपासूनची सवय, कॉटखाली एक असतेच. त्या दुपारी तुझ्या बाबांनी तिला पोटात लाथ मारली. ती खाली बसली तर उठवून पुन्हा मारली. तिने आरशात पाहिलं. मी या खेपेला डोळे मिटले नाहीत. तेवढंच माझं शौर्य. पण तिची नजर कुठे आहे हे पाहायला तुझे बाबा वळले आणि त्यांनाही मी दिसलो. बाप बघतोय हे पाहून माणूस थांबेल असं मला वाटलं होतं. तो हसला आणि माझ्याकडे बघतच तिसरी लाथ घातली.

मी टॉमी घेऊन गेलो. कसा गेलो, गुडघ्याने कशी परवानगी दिली, माहीत नाही. दारातून आत शिरलो आणि जीव खाऊन डावीकडे फिरवली, कारण इतके दिवस तो मला ओट्याच्या डावीकडेच दिसत होता. तो उजवीकडे होता. बरण्यांची फळी खाली आली. काचा, साखर, मीठ, सगळं तुझ्या आईच्या अंगावर. एवढ्या वर्षांचा ड्रायव्हर आणि वळण चुकला.

तुझे बाबा म्हणाले, “अण्णा, स्टेअरिंग सुटलं का?” आणि माझी मान धरून मला भिंतीवर आदळलं. टॉमी पडली. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा तोंडात रक्ताची चव आली आणि वाटलं, झालं.

टॉमी तिने उचलली.

पहिला घाव कोपरावर. सुकं लाकूड मोडतं तसा आवाज आला, तो मलाही नीट ऐकू आला. दुसरा खांद्यावर. तो मिठात पडला आणि आई आई करू लागला. तिने तिसऱ्यांदा टॉमी उचलली ती डोक्यावर, दोन्ही हातांनी. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं राहिलेलं काम उरकून टाकावं तसा चेहरा होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, “बाई, पुरे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. आरशातून नाही, सरळ. मग टॉमी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मामंजी, हे तुम्ही आधी म्हणायला हवं होतं.”

टॉमी पदराने पुसून घेतली तिच्याच, आणि घट्ट धरून बसलो, कोणी येईपर्यंत.

दवाखान्यात हवालदार आला. मी सांगितलं, मी मारलं. तो म्हणाला, आजोबा, तुम्हाला पाण्याचा पेला धरवत नाही. मी घाबरलो, आता तो तिला विचारणार. पण त्याने आधी तुझ्या बाबांना विचारलं. तुझे बाबा छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, “अण्णांनीच मारलं.” बायकोच्या हातचा मार खाल्ला हे सांगायची लाज वाटली त्याला. मारायची कधी वाटली नाही. हवालदाराने लिहून घेतलं. मी तिच्या भुवईचं, गॅसचं, लाथांचंही लिहून घ्यायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून त्याच्याखाली सही केली.

घर माझ्या नावावर आहे. तो दवाखान्यातून इथे येणार नाही, त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, बघून घेईन. रात्री कडी लावली तरी जिना वाजला की मी उठून बसतो. रागाच्या भरात तो येईलही. मुलगा माझाच आहे, कुठे जाईल. त्याच्यासाठी रडूही येतं, ते तुझ्या आईसमोर येऊ देत नाही. म्हणून सांगतो, तू ये आणि राहायला ये. तिला एकटीला सोडू नकोस, आणि मला तिच्या भरवशावर सोडू नकोस.

काल ती ओटा पुसत होती. पूर्वी पाठ करून उभी राहायची, काल तोंड माझ्याकडे होतं. मी विचारलं, आरसा काढून टाकू का? तिने मान हलवली, नको.

आज दुपारी मी मोजपट्टी घेऊन कॉटवर बसलो. आरशाचा मध्य माझ्या डोळ्यांच्या बरोबर समोर येतो. बसलेल्या माझ्या, उभ्या कोणाच्याही नाही. राहणाऱ्याच्या डोळ्यांवरून माप घ्यायचं, हेही तूच सांगितलं होतंस. सुताराने चूक केली नव्हती. तू या घरात वाढलीस, कान दाबून झोपायचीस, आणि मी रेडिओ मोठा करायचो हे तुला त्या बाजूने ऐकू येत असणार. तू तेव्हा मला कधी विचारलं नाहीस. शिकलीस, परत आलीस, आणि आरसा लावून विचारलंस.

स्क्रूड्रायव्हर आणू नकोस. दाराला एक जाड कडी आण, आणि ती कुठल्या उंचीवर लावायची ते तूच ठरव.

आता आशीर्वाद.

डोळे उघडे ठेवून बसलेला,
तुझा आजोबा