दहा इंची नेटबुकचा सखोल अहवाल

सोमवार, ३ तारीख. संध्याकाळी ६.

पाणीपुरवठा ऑफिसातल्या माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीचं आज चीज झालं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून एक नेटबुक हातात दिलं, म्हणजे वहीएवढा लॅपटॉप. सगळ्यात स्वस्तातलं मॉडेल. पंधरा दिवस वापरून अहवाल द्यायचा. बरं निघालं तर बाराही मीटर रीडरना एकेक मिळणार, म्हणजे जाडजूड रजिस्टरं काखोटीला मारून जिने चढणं संपेल. एवढं जोखमीचं काम मलाच मिळालं. कॉम्प्युटरवाला रजेवर आहे, हा निव्वळ योगायोग.

संकल्प: रोज दोन तास चाचणी. अहवाल चाळीस पानी. आकृत्यांसह.

मंगळवार, ४.

मशीन सुरूच होत नाही. स्वस्त मालाची हीच रड. पहिलं वाक्य मनात तयार झालं: 'प्रथमदर्शनी घोर निराशा.' बायकोने येऊन पाहिलं आणि बॅटरी अजून खोक्यातच असल्याचं सांगितलं. वाक्य तूर्त राखून ठेवलं आहे.

बुधवार, ५.

सुरू झालं. किती वेळात, ते मोजायचं होतं. पण चहा घेऊन येईपर्यंत ते सुरू होऊन परत झोपलं होतं.

कीबोर्ड फार लहान. माझी बोटं भारदस्त आहेत. एक अक्षर दाबलं की शेजारची दोन आमंत्रण नसताना सोबत येतात. दोष अर्थात मशीनचा. वीस मिनिटांत मान आखडली.

गुरुवार, ६.

मान. चाचणी उद्या.

शनिवार, ८.

काल काय झालं आठवत नाही, पण कामाचंच काहीतरी असणार. आज वीस मिनिटं. एकूण चाळीस. पाया पक्का होतोय.

रविवार, ९. दुपारी.

आज एक व्यत्यय. अप्पा, म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दोन वर्षांपासून हात थरथरतो, पेन धरवत नाही. वही मिटली तशी बोलणंही आटलं. मी आंघोळीला गेलो असताना ते मशीन पुढ्यात घेऊन बसले. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं आणि एका बोटाने टकटक. मी म्हटलं, ऑफिसची वस्तू आहे, जपून.

मान वर न करता म्हणाले, "अरे, ह्याच्यावर माझं अक्षर हलत नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आत जाऊन तिने अप्पांसाठी चहा ठेवला. मग मलाही मशीन मागवेना. नोंद केली: 'ज्येष्ठ व्यक्तीने हाताळले. यंत्रास इजा नाही.'

बुधवार, १२.

मशीन दिवसभर अप्पांकडे. वर मलाच प्रश्न. बॅटरी किती वेळ चालते? मी म्हटलं, साधारण बरी चालते. ते म्हणाले, साधारण हा आकडा नव्हे.

मी ऑफिसात असताना मीटर रीडर बाई आमचं मीटर बघायला आल्या होत्या. बायको सांगत होती की अप्पांनी त्यांना मशीन एका हातावर पेलून जिन्यात उभ्याने आकडे टाइप करायला लावले. मग उन्हात काही दिसतं का बघायला गच्चीवर पाठवलं. बाई तासभर रमल्या म्हणे. ऑफिसच्या वेळेचा हा असा अपव्यय. अहवालात ताशेरा ओढावा का, विचार चालू.

शनिवार, १५.

अप्पा जेवायला उठले, तेवढ्यात मुखपृष्ठ उरकलं. माझं नाव मधोमध, ठळक.

रविवार, १६.

अनुक्रमणिका तयार. प्रकरणं बारा. आता फक्त मजकूर राहिला.

सोमवार, १७.

साहेबांनी विचारलं. म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. पहिल्याच्या आधी शेवटचा फिरवू नये, असा काही नियम नाही.

मंगळवार, १८. संध्याकाळी.

सकाळी अप्पांकडून मशीन परत घेतलं. त्यांनी स्वतः झाकण मिटलं, रुमालाने पुसलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मला जरा कसंसंच झालं. उशीर होत होता, निघालो.

केबिनमध्ये साहेबांसमोर मुखपृष्ठ उघडायला गेलो. बोटं भारदस्त. उघडली ती शेजारचीच फाइल. दोन पानं, थेट मजकूर. साहेब वाचू लागले, मीही वाकून वाचलं. बॅटरी साडेतीन तास, दोनदा मोजली. उन्हात पडदा दिसत नाही, पण मीटर बहुतेक जिन्याखाली असतात, तिथे स्वच्छ दिसतो. उभ्याने एका हातात पेलतं, मात्र बाईंना दुसरा हात कठड्याला लागतो, म्हणून गळ्यात अडकवायला पट्टा हवा. अक्षरांची बटणं लहान, तरी सवय होते. चिरंजीवांना झाली नाही, पण चिरंजीवांनी एकूण चाळीसच मिनिटं प्रयत्न केला. घ्यावीत.

साहेबांनी विचारलं, हे कुणी लिहिलं. मी 'माझ्या मार्गदर्शनाखाली' इथपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात शेवटच्या ओळी दिसल्या. 'मुलाने हे मागितलेलं नाही. दोन वर्षांनी लिहिता आलं, म्हणून लिहिलं.'

"वडिलांनी," मी म्हटलं.

साहेबांनी दोन्ही पानं पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, म्हणाले. माझं मुखपृष्ठ बघायचं राहूनच गेलं.

गुरुवार, २०.

बारा नेटबुकांची मागणी गेली. पट्ट्यांसकट. मीटर रीडरसाठी सोप्या भाषेत सूचना लिहून हव्यात, तोवर हे मशीन वडिलांकडेच राहू द्या, असं साहेब म्हणाले. घरी येऊन सांगितलं. अप्पांनी चष्मा मागितला. इतक्या घाईने चष्मा मागितलेला गेल्या दोन वर्षांत पाहिला नव्हता.

सोमवार, २४.

अप्पांना स्कूटरवरून ऑफिसात नेलं. बारा मीटर रीडर आणि साहेब, तासभर ऐकत होते. एक खुर्ची कमी पडली, मी उभा राहिलो. मध्ये अप्पांना पाणी हवं होतं. आणून दिलं.

परतताना मागून म्हणाले, "तुला शिकवू का?" म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा. हो म्हटलं.

मंगळवार, २५. सकाळी ८.

पहिला धडा झाला. तूर्त मला एकच बोट वापरायची परवानगी आहे. बाकीच्या नवांचं पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले.