बटाट्याचा तारा

हॅलिफॅक्स,
रविवार, चहानंतर

प्रिय एड्रियन,

तुम्हा तिघा भावंडांच्या बँडच्या सगळ्या रेकॉर्डींचा संच निघतोय, त्याच्या पुस्तिकेचा मसुदा पोचला. पहिल्याच पानावर तू लिहिलंस : ‘आमच्या आईने, डोरीनने, पहिल्या रेकॉर्डवर शिक्का उलट्या बाजूला मारला. क्लबांतले डीजे तीच बाजू वाजवत राहिले आणि आमचं नशीब उघडलं.’

पोरा, तो शिक्का मी मारला होता.

कोऱ्या लेबलांच्या तीनशे रेकॉर्डी स्वयंपाकघरात रचल्या होत्या. तुझ्या आईने अर्धा बटाटा कोरून ताऱ्याचा शिक्का केला. डीजेंना वाजवायची बाजू कळावी म्हणून तो मुख्य गाण्याच्या बाजूवर उमटवायचा होता. ती दुकानात गेली आणि मी शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणत तारे उमटवत बसलो. बाजू पाहायचं भानच राहिलं नाही.

तू येऊन ओरडलास, “कुणाचा हा आंधळा कारभार?”

मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, “माझा रे राजा! चष्मा नव्हता. आता फाशी देतोस की जेवतोस?”

मागाहून मला हळूच म्हणाली, “माझ्यावर दोन दिवस रुसेल. तुझ्याशी दोन वर्षं बोलला नसता.”

तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता तरी खरं सांगावं म्हणून लिहायला बसलो. पण त्या पुस्तिकेत तुम्हा तिघांखेरीज एकच नाव आहे, तिचं. ते खोडून माझं कसं घालू?

मसुद्याखाली ‘छान आहे’ एवढंच लिहून तो परत पाठवतोय. हे पत्र खणात, तिच्या बटाटे सोलायच्या सुरीशेजारी राहील.

तुझा वेंधळा,
बाबा