राखेवरचा थेंब

आये, तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही. तेव्हा हे पत्र म्हणजे दोन अडाण्यांमध्ये नातीची हमाली. मी सांगते, ती लिहिते, मधूनच माझी भाषा सुधारते. सुधारू दे.

काल इथे कामतघरला तिने माझी परात पळवली. कॉलेजात पाण्यावरच्या सायीचा अभ्यास करते म्हणे. साय दुधाची नव्हे, लांब साखळ्यांसारख्या कणांची, डोळ्याला न दिसणारी. पाण्यावर पावडर भुरभुरली, मधे त्या कणांचा थेंब सोडला, पावडर गोल सरकली. मधली साय दोन पट्ट्यांनी हळूहळू दाबत आणली तशा सुरकुत्या पडल्या. पट्ट्या मागे घेतल्या, पुन्हा पसरली. मला हसू आलं. नारपोलीच्या मागांच्या कारखान्यात तू हेच करायचीस. सुताला लावायची खळ शिजली, की परातीतल्या पाण्यावर चुलीची राख, राखेवर खळीचा थेंब, आणि दोन काड्या. साय मोडली तर सूत तुटणार, दुमडून उलगडली तर खळ झकास. तुझी मान हलल्याशिवाय मुकादम खळीची देग चुलीवरून हलवू देत नव्हता.

मी परातीत बोट घालायला गेले, तशी नात म्हणाली, "आजी, साबणाचा हात लावू नको. साबण आधी पसरला की थेंबाला जागाच उरत नाही."

मी बोट मागे घेतलं.

लहानपणी तुझ्यासोबत कारखान्यात आले होते, त्या दिवशी मावशीने दिलेल्या वासाच्या साबणाने मी तीनदा हात धुतले होते. तू चुलीकडे वळतेस आणि मी परातीतल्या राखेत बोट बुडवते. राख कडेला पळते. गंमत वाटते, भीतीही. चिमूटभर नवी राख टाकून मी बाजूला होते. तू थेंब सोडलास, तो जागचा हलला नाही. आख्खी देग गटारात ओतायला लावलीस. मुकादमाने एक बादली मागे ठेवली होती. त्या खळीचं सूत दिवसभर तुटलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुमची नजर गेली."

"हात चुकला माजा," एवढंच तू म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून सुताच्या कांड्या भरायला बसलीस, परातीकडे पुन्हा पाहिलं नाहीस.

घरी येताना तू माझा हात धरला होतास. साबणाचा वास तुला येत असणारच. तू विचारलं नाहीस, मी बोलले नाही.

नात पत्ता विचारतेय. म्हटलं, गेलेल्या माणसाला कसला पत्ता, घडी घाल, तांदळाच्या डब्यात ठेव. बोट माझं होतं, आये. आणि तो साबण मी फेकला नाही; पार चकती होईपर्यंत वापरला.