चौथा खिळा

शॅननकाठचा मठ, आयर्लंड
संत मायकेलच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. तू पाठवलेलं लोणी पोचलं. अर्धं आचारीबुवांनी वाटेतच लंपास केलं, उरलेलं मी ओटच्या भाकरीला लावून संपवलं. इथे गाईंना खुरांचा आजार आहे, बाकी ठीक. 

दाजी शुभवर्तमानाच्या पोथीची पेटी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "घोडा नदीत बुजला, पेटी पाण्यात पडली. आता आत डचमळतंय," म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणी ही उघडलेली नाही. उघडणारा आंधळा होतो म्हणतात. झालास तर माझ्या नावानं बोंबलू नकोस, मेव्हण्या!"

मठाधिपतींनी परवानगी दिली आणि मी उघडली. आंधळा झालो नाही. झालो असतो तर बरं, असं मात्र क्षणभर वाटलं.

ताई, पोथीत खिळे आहेत. बाबांनी झाकणावर जो चांदीचा पत्रा चढवला, ज्याचं अख्ख्या मुलुखात कौतुक होतं, त्याचे खिळे लाकूड भेदून थेट पानांत शिरलेत. भोवती तांब्याचा हिरवा कळंक चढून वासराच्या कातड्याची ती पानं खाल्ली गेली आहेत. पहिल्या पानावरच्या चित्रात संत योहान लिहीत बसलेत. एक खिळा त्यांच्या लिहित्या हातातून गेलाय.

जो पत्रा पोथी राखायला चढवला, त्यानेच तिचा जीव घेतला! पेटी उघडायची नाही, म्हणून बाबांनी आत पोथी किती वर आहे हे न बघताच ठोकलं. एवढंच असतं तर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं.

पण चौथा खिळा आखूड आहे. टोक तोडून कानशीने घासलंय. खिळा लाकडात जातानाचा आवाज वेगळा, कातड्यात जातानाचा वेगळा. तिसऱ्याला बाबांना तो ऐकू आला असणार. त्यांनी चौथा कापून ठोकला आणि आधीचे तीन तसेच राहू दिले. बोलले कुणाशीच नाहीत.

आठवतं, ते त्या पेटीवर हात ठेवून कधी शपथ घेत नसत? तांबड्या गाईच्या तंट्यात नुसता हात ठेवला असता तर गाय आपली होती. आई केवढी चिडली होती, "एवढे मोठे संत झालात का?" आणि आपण म्हणायचो, किती नम्र आपले बाबा!

मठाधिपती म्हणतात, "पूस, वाळव, परत ठोकून टाक. संत मार्टिनच्या सणाला तुझे दाजी ती गळ्यात घालून विजयासाठी सैन्याभोवती फिरणार. शिपायांना पेटी दिसली की झालं, आत काय आहे ते कोण बघतो?"

"मग लाकडाचा ठोकळाच घालतो आत!" मी म्हणालो. त्याबद्दल शिक्षा म्हणून आज उपास आहे.

मी ठोकणार नाही, ताई. बिजागरी आणि कडी लावणार, म्हणजे अधूनमधून उघडून पानांना वारा देता येईल. बरीच पानं अजून वाचतील. ठोकली तर उरलेलीही कुजतील. पण पेटी दाजींच्या राखणीतली, त्यांचा होकार हवा. ते कारण विचारणारच, आणि कारण म्हणजे बाबा. पत्र्याच्या कडेला कोरलेल्या "हे घडवणाऱ्या फिनगिनसाठी प्रार्थना करा" या ओळीला तुझी मुलं झोपताना ओठ लावतात ना?

मला भयंकर राग आलाय. रडूही येतंय. ती ओळ मात्र मी खोडणार नाही. प्रार्थनेची खरी गरज बाबांना आहे, हे आज कळलं.

सोबत चौथा खिळा पाठवतोय. तोंडाने सांगवलं नाही, तर दाजींच्या तळहातावर ठेव आणि त्यांना इकडे पाठवून दे. उघडी पेटी मी स्वतः दाखवीन.

अजूनही फिनगिनचाच मुलगा,
मेलरुअन