युरित्सीचं नशीब

६ जानेवारी
नऊ वर्षं मी या एवोकॅडोच्या पॅकिंग कंपनीत ट्रकांचे कागद करते. आता रवानगी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार, तर साहेब हाताखाली घेऊन शिकवतायत कोणाला? युरित्सीला! जेमतेम वर्ष झालंय तिला येऊन.

आज तीन राजांचा सण म्हणून ऑफिसात रोस्का, तो सणाचा गोड पाव, कापला. पावातलं ते प्लास्टिकचं बाळ नेमकं माझ्याच तुकड्यात निघालं! म्हणजे रीतीप्रमाणे दोन फेब्रुवारीला सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफाळते तमाल मी खिलवायचे. कोणी बघत नव्हतं. युरित्सी साहेबांची कॉफी आणायला उठली, तसं ते हळूच तिच्या तुकड्यात खुपसून दिलं. सगळं तिलाच मिळतं ना? मग हेही घे!

तर साहेब टाळ्या वाजवून म्हणतात, "बघा, बाळसुद्धा माणूस ओळखतं!" झालं. त्याचंही कौतुकच.

९ जानेवारी
महाराणी साहेबांच्या गाडीतून घरी. मी बसथांब्यावर पाय मोडत उभी. गाडी माझ्या नाकासमोरून गेली. माझ्याकडे बघितलं असेल तर शपथ! दाराला अगदी चिकटून बसली होती, तोंड काचेकडे.

१३ जानेवारी
दुपारभर केबिनमध्ये. दार बंद. "शिकवतोय तिला," म्हणे! मला कोणी शिकवलं होतं?

काट्यावर वजन करणारी चायो म्हणाली, "ओब्दुलिया, तुझ्या नाकातून धूर निघतोय गं." निघू दे.

१७ जानेवारी
आज तर कहर झाला. सुटायच्या वेळी बाईसाहेब माझ्या टेबलाशी. "ताई, माझ्यासाठी थोडा वेळ थांबाल? साहेबांनी आत बोलावलंय. मग आपण बसनं बरोबरच जाऊ."

गाडी दिमतीला असताना बस? मला हिणवायला आली होती, दुसरं काय! मी म्हटलं, "माझी आई वाट बघते बाई. तुला काय, दारापर्यंत सोडणारे आहेत."

तिनं पर्स उचलली. परत ठेवली. आत गेली.

चांगली तोडली तिला! घरी येईपर्यंत मजा वाटत होती.

२४ जानेवारी
तिचंच नाव पक्कं, असं चायो म्हणते. संडासात नळ सोडून रडले. हो, रडले! ट्रक सीमेवर अडकला की फोन कोणाला येतो? जेवणावरून कोण उठतं? मीच ना!

आणि ती? पूर्वी कशी नटूनथटून यायची. हल्ली लिपस्टिक नाही, केस कसेतरी बांधलेले, डबा तसाच परत नेते. आता नटायची गरजच काय — काम झालं ना!

२९ जानेवारी
जळते मी. जळते, जळते, जळते.

१ फेब्रुवारी
तमाल सांगायला साहेब तिला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले. पार पात्स्कुआरोच्या रस्त्याला! तिकडचे चांगले असतात म्हणे. का, आपल्या कोपऱ्यावरची तमालवाली मेली?

म्हणजे बाळ निघालं मला आणि फिरायला गेली ती! मीच माझ्या हातानं दिलं. हात तोडून टाकावासा वाटतोय.

२ फेब्रुवारी
साहेब आले, तमाल आले. ती नाही आली. "तब्येत बरी नाही तिची," साहेब म्हणाले. त्यांच्या हाताला पट्टी होती. गाडीच्या दारात सापडला म्हणे.

मी तीन तमाल खाल्ले. हिरव्या मिरचीचे. झकास होते.

६ फेब्रुवारी
युरित्सीनं नोकरी सोडली! फोनवरूनच. आपलं सामान न्यायलाही आली नाही. असा माज असतो का कोणाला?

आणि संध्याकाळी साहेबांचा निरोप — रवानगी विभाग मला! मला!! चायोला मिठी मारली. येताना मोठा केक घेतला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेवटी तुझ्या कष्टाचं चीज झालं गं," म्हणाली.

मेणबत्ती लावली देवीपुढे. युरित्सीसाठी नाही हं!

९ फेब्रुवारी
उद्या पहिला दिवस. साहेब स्वतः सगळं समजावून देणार आहेत, केबिनमध्ये. निळा ब्लाउज इस्त्री करून ठेवला.

१० फेब्रुवारी
चायोकडून पत्ता घेतला आणि कामावरून तडक युरित्सीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं. माझ्याकडे नीट बघितलं.

"गाडीत की केबिनमध्ये?" एवढंच विचारलं तिनं.

"केबिनमध्ये," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरून मला आत घेतलं.