गवराबाईची ओवी

तळेगाव दाभाडे,
१४ नोव्हेंबर

प्रिय अक्का,
नमस्कार.

तुमच्या तनुजाच्या हळदीआधीची दुपार आठवते? आपण दोघी जावा जात्याचा खुंटा धरून समोरासमोर बसलो होतो. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या हातांना फोड आले होते. "वढ की धाकटे, चमचा धरल्यागत काय धरलायस!" म्हणून तुम्ही हसलात. तुमची आई त्याच वर्षी गेली होती. हसता हसता डोळे पुसलेत आणि बसल्या जागी जुळवलंत :

पहिली मूठ हळदीची, गवराबाईच्या नावाची,
नात तिची नवरी, लाडकी साऱ्या गावाची.

कुणी रचली, म्हणून विचारलं, तर म्हणालात, "रचत्यात व्हय? जुनीच हाय. बायांची."

इकडे ठीक आहे. आमच्या ज्ञानेशची चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट बदलल्यामुळे घरात जेवणाच्या वेळा राहिल्या नाहीत. घशाच्या ऑपरेशनपासून तुम्ही फोनवर नुसतं ऐकत राहता. ती शांतता मला सोसत नाही, म्हणून हे पत्र.

तुमची प्राजक्ता परवा फोनवर रडत होती. "काकू, आईचा तो आजीच्या ओवीचा व्हिडिओ दिसत नाही गं. माझ्या हळदीला तोच लावायचा होता." तुमच्या ओसरीवर मी फोनवर टिपलेलं, मीच यूट्यूबवर चढवलेलं गाणं. एका कंपनीने तुमचा आवाज उचलून त्याखाली ढोल घातला, गवराबाईची ओवी कापली आणि गाणं स्वतःच्या नावावर केलं. मग आपलाच व्हिडिओ त्यांच्या तक्रारीवरून काढून टाकला गेला. आता ते गाणं तळवड्याच्या मंगल कार्यालयांत डीजेवर वाजतं. मी एकदा ऐकलं. पोरं नाचत होती, नि मी बाहेर चपलांपाशी उभी.

पिंपरीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "जिने रचलं, हक्क तिचा. नोंदणी केली नसली तरी. पण रचणारीने स्वतः म्हणायला हवं, हे माझं."

अक्का, जे तुम्ही आवाज असताना कधी म्हणाला नाहीत, ते आता म्हणायचं.

आणि कंपनीचं उत्तर काय, तर व्हिडिओखाली 'पारंपरिक गीत' असं लिहिलेलं होतं. पारंपरिक म्हणजे कुणा एकाचं नव्हे.

ते मी लिहिलं होतं. हा शब्द मला भारदस्त वाटला. वाटलं, अक्कांना हेच आवडेल. ती ओवी माझ्यासमोर जन्मली होती, खुंट्यावर माझा हात होता, तरी तुमचं नाव घालायचं मला सुचलं नाही. वकीलबाईंना मी साक्ष देईन म्हटलं. त्या म्हणाल्या, देता येईल, पण तुमचंच लिखाण तुमच्यासमोर ठेवतील.

सोबतचा पेनड्राइव्ह प्राजक्ताला द्या. मूळ गाणं त्यात पूर्ण आहे. घरच्या हळदीत ते लावायला कुणी अडवू शकत नाही. दुसरी प्रत तनुजाला. आजीचं नाव तिच्याही मुलांच्या कानावर पडू दे. हळदीचा डबा जाईबाईला, त्या दिवशी पाखडायला तीच होती. कागद तुमच्यासाठी आहे. त्यावर सगळ्या ओव्या लिहून खाली 'रचना : अंबुबाई' असं घातलंय. सही करायची की नाही, तुम्ही ठरवा. मी विचारणार नाही.

मला काही नको. जातं मांडाल तेव्हा खुंट्याची माझी बाजू कुणाला देऊ नका, एवढंच.

तुमची,
धाकटी