वानगी दाखवली नाही

आबा, तुम्हाला लिहायचं लिहायचं म्हणत हळदीचे सात हंगाम गेले. यंदा डोंगरकडा गावाकडे हळद शिजवायच्या मशीनवर आहे. ड्रम भरून वाफ सोडली की मी मोकळा, तरी वही उघडली की काहीतरी काम निघतंच. आत्ता मालकाची म्हैस सुटली, तिच्यामागे पळून आलो.

मोंढ्यातले, हळदीच्या बाजारातले तुम्ही आठवता. पोत्यात परखीची नळी खुपसून मूठभर वानगी काढायची, एक हळकुंड मोडून आतला रंग बघायचा. एकदा एक जण परखी लावूच देईना. हसत पान पुढं केलं, "घरचाच माल हाय, मामा." तुम्ही पान खाल्लं आणि पोतं बाजूला काढलं. मला म्हणालात, "जो वानगी दाखवत न्हाई, त्याच्यात ओल असते."

तुम्ही गेल्यावर ताई नांदेडला लॅबमध्ये लागली. तिला विचारलं, अंगात राखणीच्या पेशी असतात म्हणतात, मग आबाच्या आतड्यातला कॅन्सर त्यांना काहून दिसला नाही?

"आबाच्या मोंढ्यासारखंच हाय, येड्या. हरेक पेशी आपल्या आतलं थोडं थोडं बाहेर मांडून ठेवते. राखणीच्या पेशी फिरत येतेत, वानगी बघतेत, खराब दिसली की मारतेत. कॅन्सरच्या काही पेशी वानगी मांडणंच बंद करतेत."

"आन् तरी कुणी जवळ आलंच तर?"

"तर पान देतेत. अंगावर एक खूण असते. ती लागली की मारायला आलेली पेशी गप पडते."

मग ती तुमच्यावर घसरली. वर्षभर रक्त जात होतं आणि तुम्ही आईला मूळव्याध म्हणून सांगितलं. अख्ख्या तालुक्याची वानगी बघणाऱ्या माणसानं स्वतःची दाखवली नाही. "आपल्या दोघांलाबी तपासून घ्यावं लागंल," म्हणाली. तिनं आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करून घेतली. मी फोनवर सांगितलं, माझीही झाली, सगळं बराबर निघालं. झाली नव्हती. आता ती रिपोर्टचा फोटो मागते, मी रेंज नाही म्हणतो.

आबा, दीड महिना झाला, मलाही रक्त जातंय. मालकाला उष्णता म्हणालो. हे आजवर कुठं बोललो नाही.

थांबा, बांधावर स्कूटी आली. ताई आहे. नांदेडहून, न सांगता. गाडी नीट उभी करायच्या आधीच हात पुढं करून ओरडून राहिली, "रिपोर्ट दाखव!"

मी वही मिटत नाही.